नाताळचा हॅम : फऱ्यापासून ताटापर्यंत

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की वसई पट्ट्यातल्या वाड्यांमधून एक चौकशी हमखास सुरू होते. यंदा घरात अख्खा फरा भाजायचा आहे, तर चांगलं डुक्कर कुणाकडे मिळेल? पूर्वी ही चौकशी इंद्याल आणि सोरपोतेलासाठी असायची. आता मुलगा बोटीवर, मुलगी ऑस्ट्रेलियात, जावई कॅनडात. ती मंडळी सुट्टीला घरी येतात तेव्हा त्यांना तिकडे चाखलेला, वरून गुळासारखा चकाकणारा, लवंगा टोचलेला हॅम आईच्या हातचा हवा असतो. आईने तो कधी केलेला नसतो. मग प्रश्न फिरत फिरत पंचायत समितीत येतो. डुक्कर पशुसंवर्धन विभागाकडे, गूळ आमच्या कृषी विभागाकडे आणि ओव्हन कुणाकडेच नाही, अशी एकंदर परिस्थिती. म्हणून हा विषय एकदा सविस्तर मांडावा म्हणतो.

ज्यांना हे मांस वर्ज्य आहे त्यांनी पाककृतीचा भाग सोडून द्यावा, पण रोगाचा आणि खरकट्याचा भाग जरूर वाचावा. तो अख्ख्या गावाशी संबंधित आहे.

हॅम म्हणजे काय?

डुकराचा मागचा फरा, म्हणजे मांडी, मिठात मुरवली की तिला हॅम म्हणतात. नुसतं भाजलेलं डुकराचं मटण म्हणजे हॅम नव्हे. कैरी आणि लोणचं यांत जो फरक, तोच इथे. इंग्लंडमध्ये मुरवलेल्या पण कच्च्या मांडीला ‘गॅमन’ म्हणतात आणि ती शिजली की ‘हॅम’. अमेरिकेत कच्च्या, मुरवलेल्या, धुरी दिलेल्या, शिजवलेल्या अशा सगळ्याच मांडीला हॅम म्हणतात. त्यामुळे बाजारात पाकीट घेताना घोटाळा होतो. पाकिटावर ‘पूर्ण शिजवलेला’ असं लिहिलेलं आहे की ‘शिजवून खावा’ असं, हे पहिलं वाचायचं. पुढची सगळी कृती त्यावर अवलंबून आहे.

थंडीतला माल

हा पदार्थ थंड मुलुखातला. युरोपात शरद ऋतू संपताना, नोव्हेंबरच्या सुमारास डुकरं कापायची पद्धत होती. थंडीत चारा-दाणा संपत आलेला, आणि मांस टिकायला हवा अनुकूल. काही मांस ताजं खायचं, मागचे फरे मिठात घालायचे. ते हिवाळाभर मुरून वसंत ऋतूत, म्हणजे ईस्टरच्या सुमारास, खाण्याजोगे होत. अमेरिकेत ईस्टरच्या जेवणात हॅम आला तो या हिशेबाने. इंग्लंड, स्वीडन, फिनलंडमध्ये तो नाताळात खातात. स्वीडनवाले वरून मोहरी, अंडं आणि पावाचा चुरा लावून भाजतात. ऑस्ट्रेलियात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, म्हणून तिथे लेप लावून भाजलेला हॅम पुष्कळदा थंडच वाढतात आणि उरलेला व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतात.

आपल्या भुईमूग उत्पादकांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात स्मिथफील्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथला खारवून वाळवलेला हॅम फार नावाजलेला. त्या भागात भुईमूग पुष्कळ. शेंगा काढून झाल्या की शेतात डुकरं सोडायची, आणि ती जमिनीत राहिलेल्या शेंगांचा सरवा करत अंगाला लागायची. आपल्याकडे सरवा माणसं वेचतात, तिकडे डुकरं वेचत एवढाच फरक. १९२६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदाच केला, की भुईमूग पट्ट्यातल्या, भुईमूग खाल्लेल्या डुकराचा आणि स्मिथफील्ड गावाच्या हद्दीतच मुरवलेला असेल तरच त्याला ‘स्मिथफील्ड हॅम’ म्हणायचं. भुईमुगाची अट पुढे १९६० च्या दशकात काढून टाकली गेली, गावाची राहिली. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण फार नवीन काही केलं असं आपल्याला वाटलं. त्या एवढ्याशा गावाने ते शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं.

आणखी एक बाब आपल्या दूध उत्पादकांना चटकन कळेल. कारखान्यात हॅममध्ये सुयांनी मिठाचं पाणी भरतात. पाणी भरलं की वजन वाढतं. मग ग्राहक फसू नये म्हणून अमेरिकेत चरबी वगळून उरलेल्या भागात प्रथिनं किती टक्के, यावरून माल ठरतो. किमान २०.५ टक्के असतील तर नुसतं ‘हॅम’ लिहिता येतं, १८.५ पर्यंत असतील तर ‘अंगच्या रसासह’ आणि १७ पर्यंत असतील तर ‘पाणी घातलेला’ असं लेबलवर छापावं लागतं. डेअरीत फॅट आणि एसएनएफ लावतात ना, तसाच प्रकार.

आपल्या हवेत का रुजला नाही

पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ होते, गोव्यात १९६१ पर्यंत. त्यांच्याकडे मिठात मुरवून हवेवर सुकवलेला फरा पिढ्यान्‌पिढ्या होता. तरी आपल्या किनाऱ्यावर तो घरोघरी का झाला नाही? उत्तर हवेत आहे. मांस मिठाने सुकायला आठवडेच्या आठवडे थंड, कोरडी हवा लागते. कोकणात पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, तिथे मांडीचं काय होणार? इटलीतला पार्मा हॅम वर्षभराहून जास्त काळ हवेवर लटकतो. आपल्याकडे तो आठवडाभरही तग धरणार नाही. म्हणून इथल्या लोकांनी मिठाच्या जोडीला व्हिनेगर, मिरची, लसूण घेतली. विंदालू हे नावच पोर्तुगीज भाषेतल्या वाइन आणि लसूण या शब्दांवरून आलेलं आहे. गोव्याचा चोरीस त्याच अकलेतून आला. हे खाद्य मागासलेलं नव्हे, हवेला धरून शोधलेलं आहे. घरच्या सोरपोतेलाला लाजून हॅम करायला जाऊ नये, आवड म्हणून करावा, एवढंच माझं म्हणणं.

शीतगृहं आल्यावर हॅम आपल्याकडेही बनू लागला. पंचवार्षिक योजनांच्या काळात सरकारने देशात अनेक ठिकाणी बेकन फॅक्टऱ्या काढल्या. अलीगढ, हरिणघाटा, गन्नवरम, रांची, केरळात कूथाट्टुकुलम आणि आपल्या मुंबईत बोरिवली. मोठी पांढरी यॉर्कशायर जात आपल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचली ती या योजनांच्या आणि त्यांना जोडलेल्या पैदास केंद्रांच्या निमित्ताने.

फरा घेताना काय पाहायचं

चांगल्या खाद्यावरचं यॉर्कशायर किंवा लँडरेस संकराचं डुक्कर आठ महिन्यांत ९० किलोच्या आसपास जातं. कापून, साफ करून साधारण ६५ किलो मांस हाडासह मिळतं. त्यात मागचे दोन फरे मिळून पाव हिस्सा, म्हणजे एकेक फरा सुमारे ८ किलोचा. एवढा फरा घरगुती ओव्हनमध्ये मावतच नाही. कुटुंबासाठी त्याचा ३ किलोचा, हाड काढून सुतळीने बांधलेला तुकडा पुरतो. बारा-पंधरा माणसं जेवतात.

आता कामाची गोष्ट. डुक्कर कुठे वाढलं हे विचारल्याशिवाय मांस घेऊ नका. गावात मोकाट हिंडणारं, उघड्यावरची घाण खाणारं डुक्कर स्वस्त मिळतं, पण त्याच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. कापल्यावर स्नायूत भिजलेल्या साबुदाण्यासारखे, आत पांढरा ठिपका असलेले फोड दिसले, तर ते मांस फेकायचंच. धुऊन, खारवून, मसाला लावून ते खाण्याजोगं होत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. डुकराचं मांस खाल्लं की मेंदूत किडे होतात असं सर्रास म्हटलं जातं. खरा क्रम वेगळा आहे. असं मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो. त्या माणसाच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात. तो उघड्यावर बसला तर ती अंडी मातीत, पाण्यात, भाजीवर जातात. ती अंडी ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. मग त्याने जन्मात डुक्कर खाल्लेलं नसलं तरी! म्हणजे कोथिंबीर न धुता खाणाऱ्या शुद्ध शाकाहारी माणसालाही हा रोग होतो. तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी कागदावरच्या हागणदारीमुक्तीवर न थांबता शौचालयं वापरात आहेत का, पाण्याअभावी त्यात सरपण तर भरलेलं नाही ना, हे पाहावं. मोकाट डुकरांचा बंदोबस्त म्हणजे डुकरं पकडणाऱ्याला बोलावणं नव्हे. डुकरं पाळणाऱ्या कैकाडी, वडार कुटुंबांना कुंपण घालण्यापुरती जागा आणि पाणी दिलं, तर तीच डुकरं चांगल्या भावाची होतात. ही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा जाणतात. त्यांच्याकडे नाक मुरडून पाहायचं आणि नाताळात फरा मात्र त्यांच्याकडूनच मागवायचा, हे काही बरं दिसत नाही.

मिठात मुरवणं

बाजारातला शिजवलेला हॅम आणणार असाल तर हा भाग तुमच्यासाठी नाही. घरी मुरवायचं असेल तर साधा, बिनरसायनी मार्ग सांगतो.

३ किलो मांसाला ३ लिटर पाणी, २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम गूळ, दहा-बारा मिरी, चार तमालपत्रं, थोड्या लवंगा. सगळं उकळून घ्यायचं आणि पूर्ण गार करायचं. गार म्हणजे फ्रीजमध्ये ठेवून गार. कोमट पाण्यात मांस टाकलं की बिघडायला सुरुवात झालीच समजा. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात मांस पूर्ण बुडवून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं, रोज एकदा उलटायचं. ॲल्युमिनियम आणि तांब्याचं भांडं नको, मीठ त्याला खातं. फ्रीजमधलं तापमान ४ अंशांच्या वर जाता कामा नये. ज्यांच्याकडे वीज सहा-सहा तास जाते त्यांनी या फंदात पडूच नये. ताज्या मांसाचं इंद्याल करावं, सण साजरा होतो.

असं मुरवलेलं मांस शिजल्यावर तपकिरी-करडं दिसतं, बाजारातल्यासारखं गुलाबी नाही. गुलाबी रंग नायट्राइटमुळे येतो. त्यातून तयार होणारा वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून बसतो आणि शिजवल्यावरही रंग टिकतो. शिवाय बोट्युलिझमचे जंतू वाढू देत नाही, हे त्याचं खरं काम. पण प्रमाण चुकलं तर तेच विष. कारखान्यात ते ग्रॅमच्या हिशेबात, मिठात आधीच मिसळून वापरतात.

आणि इथेच एक धोक्याची सूचना, जी शेतकऱ्यालाच द्यावी लागते. जुन्या पाककृतींत ‘सोरा’ सांगितलेला असतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आपल्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या घरात ठिबकमधून सोडायचं १३-०-४५ हे खत असतं, तेही पोटॅशियम नायट्रेटच. दोन्हींचं नाव एक म्हणून खताच्या पोत्यातला चमचा मांसात टाकायचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तर तो तिथेच काढून टाका. खत हे पिकासाठी असतं. त्यात इतर काय काय आहे याची हमी खाण्याच्या दृष्टीने कुणी दिलेली नसते, आणि चमच्याने मोजण्याची ती वस्तूही नव्हे. रंग गुलाबी नसला तरी चालतो.

नायट्राइटबद्दल बोलतोच आहे तर हेही सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली हॅम, बेकन, सॉसेज अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत धरलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यात आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते असा त्यांचा हिशेब आहे. रोज खाणाऱ्याचा हा हिशेब आहे. वर्षातून एकदा सणाला खाणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये, पण पोरांच्या डब्यात रोज हॅमचं सँडविचही देऊ नये.

शिजवणं आणि पाकाचा लेप

चार दिवसांनी मांस बाहेर काढायचं, धुवायचं, नव्या पाण्यात कांदा, गाजर, मिरी घालून शिजत ठेवायचं. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, नुसते बुडबुडे येत राहतील एवढीच आंच. खळखळलं की मांसाचे धागे सुटतात आणि आतून कोरडं पडतं. किलोला ४० मिनिटं, म्हणजे ३ किलोला दोन तास. पण घड्याळावर सगळा भरवसा नको. मांसात टोचायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा. टोक बरोबर मध्यभागी गेलं पाहिजे, हाड असेल तर हाडाला टेकता कामा नये. अमेरिकेत ताज्या डुकराच्या मांसाला आत ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती, असा सरकारी नियम २०११ पासून आहे. तिथे प्राणी बंदिस्त गोठ्यातले आणि मांस तपासलेलं. आपल्याकडे ७५ अंश गाठूनच थांबावं असं माझं मत आहे. चवीत फार फरक पडत नाही आणि मन निर्धास्त राहतं.

पूर्ण शिजवलेलं पाकीट आणलं असेल तर पाण्यात शिजवायची गरज नाही. तळाशी पेलाभर पाणी घालून, वर फॉइल झाकून ओव्हन १६० अंशांवर ठेवायचा. किलोला ४० ते ५० मिनिटं लागतात. आत ६० अंश झालं की लेपाची वेळ आली.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप तो लेप. परदेशात त्याला तांबूस साखर, मध, मोलॅसिस, अननसाचा रस, काय काय वापरतात. आपल्याकडे गूळ आणि काकवी असताना कुणाकडे जायची गरज नाही. काकवी तर मोलॅसिसपेक्षा चवीला उजवी, तिचा कडवटपणा कमी. एक वाटी काकवी किंवा १५० ग्रॅम किसलेला गूळ, अर्धी वाटी संत्र्याचा किंवा अननसाचा रस, दोन चमचे फेसलेली मोहरी, दोन चमचे व्हिनेगर, चिमूटभर दालचिनी. गूळ पांढराफटक नको. तो रसायनाने उजळलेला असतो. काळसर, सेंद्रिय गुळाचा रंगच वेगळा चढतो. मंद आंचेवर आटवत न्यायचं आणि एकतारी व्हायच्या जरा आधी उतरवायचं. लाडवांचा पाक करणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. त्या बोटावर पाहून बरोबर थांबतात. दोनतारी झाला तर लेप मांसावर काचेसारखा कडक बसतो आणि कापताना तडकून पडतो.

मांस जरा निवलं की वरची जाड कातडी सुरीने सोलायची, खाली बोटाच्या अर्ध्या पेराएवढी चरबी राहू द्यायची. त्या चरबीवर शंकरपाळ्यांसारखे तिरपे काप द्यायचे. काप चरबीपुरतेच, मांसात सुरी गेली की रस त्या वाटेने निघून जातो. प्रत्येक शंकरपाळ्याच्या कोपऱ्यावर एक लवंग टोचायची. लवंगा शोभेला असतात असं काहींना वाटतं, पण वास त्यांचाच लागतो.

ओव्हन २०० अंशांवर आधी तापवून घ्यायचा. ताटलीला फॉइल लावायचं, तळाशी थोडं पाणी ठेवायचं, नाहीतर ओघळलेला पाक जळून ती ताटली नंतर दोन दिवस घासावी लागते. लेपाचा पहिला हात देऊन आत ठेवायचं, आणि दर आठ-दहा मिनिटांनी काढून पुन्हा हात द्यायचा. तीन हात, एकूण अर्धा तास. लेप सुरुवातीलाच लावला तर काय होतं? साखर १६० अंशांच्या पुढे तांबूस होते आणि मग बघता बघता करपते. मधातली आणि काकवीतली फळसाखर तर त्याहून बऱ्याच कमी तापमानाला रंग धरते. आतलं मांस तापायला दोन तास लागतात, वरच्या पाकाला वीस मिनिटं पुरतात. म्हणून लेप शेवटीच. या अर्ध्या तासात फोन घेऊ नये, दाराशी गप्पा मारत बसू नये.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी पाववाल्याची भट्टी पाहावी. गोव्यात सणासुदीला घरचं मांस पोदेराच्या भट्टीत भाजून आणायची रीत आहे. पाव काढून झाल्यावर भट्टी उतरत्या आंचेला असते, तीच या कामाला बरी. भट्टीवाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवावं आणि घरचं एक माणूस तिथे बसवावं.

बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग धाग्याच्या आडव्या, पातळ चकत्या. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. वजनाचा हिशेब सांगायचा तर शिजताना साधारण पाव हिस्सा घट येते. ३ किलोचे सव्वादोन धरा.

हाडाचं काय करायचं?

हाडासह फरा आणला असेल तर हाड उरतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे नववर्षाच्या दिवशी चवळी आणि भात खारवलेल्या डुकराच्या तुकड्याबरोबर शिजवून खातात, शुभ मानतात. चवळी आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर तिकडे गेली. आपल्याकडे पावट्यात किंवा वाटाण्यात ते हाड घातलं तरी उत्तम लागतं.

पण ते हाड आणि जेवणाचं खरकटं डुकरांच्या डोणीत टाकू नका. हे मी दोनदा लिहायला तयार आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग २०२० साली भारतात पहिल्यांदा आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आला आणि पुढे इतर राज्यांत पसरला. माणसाला तो होत नाही. डुक्कर मात्र वाचत नाही, आणि आपल्याकडे त्यावर लस नाही. या रोगाचा विषाणू खारवलेल्या, सुकवलेल्या मांसात महिनोन्‌महिने जिवंत राहतो. हा रोग १९५७ साली आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा पडला तो पोर्तुगालमध्ये, लिस्बनला. विमानातलं उरलेलं जेवण डुकरांना घातलं गेलं, त्यातून. तिथून तो शेजारच्या स्पेनमध्ये शिरला आणि त्यातून मोकळं व्हायला स्पेनला १९९५ साल उजाडलं. परदेशातून सुट्टीला येणाऱ्या मुलांनी बॅगेतून हॅम-सॉसेज आणू नये, ते याच कारणाने.

आपल्याकडे बहुतेक वराहपालन हॉटेलच्या खरकट्यावर चालतं, हे मला माहीत आहे. ते बंद करा म्हणून सांगणं सोपं, पण दाण्याचा भाव बघता परवडणारं नाही. म्हणून निदान खरकटं पूर्ण उकळी फुटल्यावर अर्धा तास ढवळत उकळून, गार करूनच घाला. त्यात डुकराचं मांस असेल तर तेही बाजूला काढा. जळण लागतं, वेळ जातो, पण अख्खा कळप जाण्यापेक्षा स्वस्त पडतं. साध्या स्वाइन फीव्हरची लस उपलब्ध आहे, ती दरवर्षी टोचून घ्या. आणि डुकरं ताप येऊन, कान लालसर-निळे पडून भराभर मरू लागली तर मेलेली डुकरं ओढ्यात टाकू नका. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्याप्रमाणे मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं आहे, आणि तिथून पशुवैद्यकापर्यंत वर्दी जायची आहे. ग्रामपंचायतीत हे किती जणांना ठाऊक आहे, याची मला शंका आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर ठरला तर एक किलोमीटर परिघातली डुकरं मारावी लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते. एकाने लपवलं तर शेजारच्या दहा जणांचं जातं.

पुढच्या नाताळचा हिशेब

आता उत्पादकांसाठी थोडं. नाताळच्या आठवड्यात मागणी एकदम येते आणि माल नसतो, ही दरवर्षीची रड. डुकरिणीचा गाभण काळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. १५ डिसेंबरच्या सुमारास आठ महिन्यांचं डुक्कर हवं, तर पिल्लं १५ एप्रिलला जन्मली पाहिजेत. त्यासाठी डुकरीण आदल्या वर्षी २२ डिसेंबरच्या आसपास फळलेली पाहिजे. म्हणजे लोक यंदाचा हॅम खायच्या तयारीत असतात त्याच आठवड्यात पुढच्या वर्षीच्या हॅमची तजवीज करायची. ऐन ऑक्टोबरमध्ये पिल्लं शोधत फिरणाऱ्याला हा बाजार सापडत नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ साली सुधारलेल्या योजनेत १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. आकडा मोठा दिसतो. पण शंभर माद्यांचं खाद्य, पाणी, शेण आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सांभाळायची तयारी आपल्याकडे फार थोड्यांची आहे. माझं मत विचाराल तर दोन-तीन माद्यांपासून, पक्क्या जमिनीच्या आणि कुंपणाच्या वाड्यात सुरुवात करावी, एका वेताला आठ-दहा पिल्लं धरून पहिलं वर्ष शिकण्यात घालवावं. अनुदानासाठी धंदा उभा करणाऱ्यांची रिकामी शेड आपण कुक्कुटपालनात पुष्कळ पाहिली आहेत.

घरगुती खारवलेलं मांस शेजारीपाजारी विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी घेतल्याशिवाय विकू नये. ऑर्डर नोव्हेंबरमध्येच आगाऊ रक्कम घेऊन लिहून घ्याव्यात, किती किलो, हाडासह की बिनहाडाचं, सणाच्या किती दिवस आधी हवं, हे वहीत मांडून ठेवावं. मुरवायचे चार दिवस धरून मांस २० तारखेपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरात पोचलं पाहिजे. २४ तारखेला दिलेला फरा नाताळच्या ताटात हॅम होऊन येत नाही.

पिल्लांसाठी आणि लसीकरणासाठी आपापल्या तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डिसेंबरच्या आत नाव नोंदवून ठेवावं.